आपला सूर्य ‘धनू’ दीर्घिकेतून आला, हा दावा कितपत खरा? धनू बटू दीर्घिकेविषयी माहिती हवी आहे

माळावरची शाळा

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात नववीतील एका मुलाने काकांच्या मोबाइलवर आलेला एक संदेश वहीत उतरवून आणला आणि तो खरा आहे का, असे मला विचारले. संदेशाचा आशय असा होता: आपला सूर्य मुळात आकाशगंगेचा नाही, तो ‘धनू’ नावाच्या एका लहान दीर्घिकेतून आलेला आहे, त्या दीर्घिकेला आकाशगंगा गिळत असून शास्त्रज्ञांनी हे २००३ सालीच सिद्ध केले आहे, आकाशगंगेचा पट्टा आपल्याला तिरका दिसतो तो याच कारणाने, आणि पृथ्वीचे तापमान वाढते आहे तेसुद्धा आपण आता आकाशगंगेच्या अधिक ऊर्जेच्या भागात शिरलो म्हणून.

तापमानवाढीचे विधान चुकीचे आहे, एवढे मी त्याला तिथल्या तिथे सांगितले. बाकीच्या भागाविषयी मात्र मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात आकाशगंगेची सर्वांत जवळची सोबतीण म्हणून मोठ्या मॅगेलन मेघाचे नाव आहे. धनू राशीतील अशा कुठल्या दीर्घिकेचा त्यात उल्लेखही नाही. त्यामुळे सगळाच संदेश बनावट आहे असे म्हणावे, तर धनू बटू दीर्घिकेविषयी काही लेख खरोखरच वाचायला मिळाले, आणि माझा गोंधळ वाढला.

ही दीर्घिका नेमकी कोठे आहे, ती इतकी जवळ असूनही आधी का सापडली नाही, आणि सूर्य तिचा नाही हे नववीच्या मुलांना पटेल अशा रीतीने कसे सांगावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने सहा इंची दुर्बीण भेट दिलेली आहे. तिच्यातून या दीर्घिकेचे काही दाखवता आले, तर मुलांना त्याचे मोल कोणत्याही धड्यापेक्षा अधिक वाटेल.

क्षितिजवेध

ताई, आपण उत्तरासाठी मुदत मागून घेतली हे फार चांगले केले. संदेशातील निष्कर्ष खोटा आहे. पण ती दीर्घिका खरी आहे, आणि आकाशगंगा तिला हळूहळू फाडते आहे हेही खरे आहे.

आपल्या पुस्तकात तिचे नाव नाही, कारण १९९४ सालापर्यंत ती कोणालाच ठाऊक नव्हती. ती आपल्यापासून सुमारे ८५,००० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे मोठ्या मॅगेलन मेघाच्या जवळपास निम्म्या अंतरावर. मात्र ती आकाशगंगेच्या केंद्राच्या पलीकडच्या बाजूला, केंद्रापासून साधारण ६०,००० प्रकाशवर्षे दूर आहे. त्यामुळे आपण तिच्या दिशेने पाहतो तेव्हा मध्ये आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील असंख्य तारे आणि धूळ येते. शिवाय तिचे तारे आकाशाच्या मोठ्या भागावर विरळपणे पसरलेले आहेत. तिचा मुख्य भागच पूर्ण चंद्राच्या पंधरा पटींहून लांब आहे, आणि एवढ्या पसरटपणामुळे छायाचित्रात तिचा वेगळा असा ठिपका किंवा ढग उठून दिसत नाही.

ती सापडली तीसुद्धा शोधायला गेल्यामुळे नव्हे. केंब्रिजचे रॉड्रिगो इबाटा, जेरार्ड गिलमोर आणि माइक अर्विन हे आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील ताऱ्यांचे वेग मोजत होते. ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा किती सरकल्या आहेत यावरून तो आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, आणि किती वेगाने, हे कळते. फुगवट्यातील ताऱ्यांचे वेग अस्ताव्यस्त असतात. कोणी जवळ येतो, कोणी दूर जातो, आणि त्यांच्या वेगांतील पसारा सेकंदाला शंभर किलोमीटरच्या घरात जातो. त्या गर्दीत त्यांना असे काही तारे आढळले की ते सर्वच्या सर्व सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात होते आणि त्यांच्या वेगांत आपापसांत फारच थोडा फरक होता. आठवडी बाजाराच्या गर्दीतून एखादी दिंडी जात असेल, तर लांबून चेहरे किंवा पताका दिसल्या नाहीत तरी एका चालीने सरकणाऱ्या माणसांवरून ती ओळखू येते. या ताऱ्यांचेही तसेच झाले. चालीवरून ओळख पटल्यावर जुन्या छायाचित्रणाच्या काचांवरील ताऱ्यांची रंगानुसार आणि तेजानुसार मोजणी केली गेली, तेव्हा त्या भागात एक अख्खी बटू दीर्घिका पसरलेली आहे हे स्पष्ट झाले.

आता २००३ सालाविषयी. त्या वर्षी स्टीव्हन मॅजेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त किरणांत केलेल्या संपूर्ण आकाशाच्या ‘टूमास’ या पाहणीतून एका विशिष्ट प्रकारचे तांबडे राक्षसी तारे वेगळे काढले. ही निवड मोठी विचारपूर्वक केलेली होती, आणि मुलांना सांगण्यासारखी आहे. आकाशगंगेच्या बाहेरच्या प्रभामंडळातील, म्हणजे तबकडीभोवतीच्या विरळ गोलाकार भागातील, जुने तारे जड मूलद्रव्यांच्या (हायड्रोजन आणि हेलियमपेक्षा जड) बाबतीत फार गरीब असतात, त्यामुळे म्हातारपणीही ते इतके थंड आणि तांबडे राक्षस क्वचितच बनतात. धनू दीर्घिकेत मात्र पुढेही अनेक पिढ्या तारे जन्मत राहिल्याने जड मूलद्रव्यांचे प्रमाण वाढले आणि तसे तांबडे तारे तिच्यात मुबलक झाले. म्हणून आकाशगंगेच्या तबकडीपासून दूर असे तारे जेथे जेथे दिसतील, ते बहुधा धनू दीर्घिकेचेच असणार. त्यांच्या जागा नकाशावर मांडल्यावर दोन लांबलचक प्रवाह दिसले, एक दीर्घिकेच्या पुढे धावणारा आणि एक मागे रेंगाळणारा, आणि दोन्ही मिळून त्यांनी आकाशगंगेला वेढा घातलेला होता.

हे प्रवाह तयार होण्याचे कारण भरती-ओहोटीचेच आहे. दीर्घिकेच्या जवळच्या बाजूला आकाशगंगेची ओढ अधिक आणि दूरच्या बाजूला कमी असते, त्यामुळे ती ताणली जाते आणि कडेचे तारे निसटतात. आतल्या बाजूने निसटलेले तारे लहान कक्षेत शिरून पुढे निघून जातात, बाहेरच्या बाजूचे मोठ्या कक्षेत जाऊन मागे पडतात. मागच्या प्रवाहाचा दूरचा भाग आकाशगंगेच्या केंद्रापासून तीन लाख प्रकाशवर्षांच्या आसपास पोहोचतो.

या संशोधनात सूर्य त्या दीर्घिकेतून आला असे कोठेही म्हटलेले नाही. त्या प्रवाहाचा माग आणि सूर्याचा परिसर यांच्याविषयी जी चर्चा झाली, तिचा विपर्यास करून पुढे कोणीतरी तो निष्कर्ष जोडून दिला आणि गेली कित्येक वर्षे तो निरनिराळ्या भाषांत फिरतो आहे.

आषाढा

वरील उत्तर अतिशय उत्तम आहे. मी फक्त निरीक्षणाची बाजू मांडतो, कारण आपल्याकडे सहा इंची दुर्बीण आहे असे वाचले, आणि त्या दुर्बिणीतून या दीर्घिकेचे हृदय निश्चित दिसते.

या दीर्घिकेचे विरळ तारे आपल्याला दिसणार नाहीत, पण तिच्या केंद्रस्थानी असलेला बंदिस्त तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचा दाट, गोलाकार समूह, दिसतो. तो म्हणजे अठराव्या शतकातील फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए याच्या यादीतील एम ५४. चार्ल्स मेसिएने तो जुलै १७७८ मध्ये नोंदवला. दोनशेहून अधिक वर्षे तो आकाशगंगेचाच एक तारकागुच्छ मानला जात होता. १९९४ मध्ये धनू बटू दीर्घिका सापडली आणि मग लक्षात आले की एम ५४ तिच्याच अंतरावर, तिच्याच गाभ्यात आहे. म्हणजे दुसऱ्या दीर्घिकेतील तारकागुच्छ मेसिएने नकळत त्या काळच्या लहानशा दुर्बिणीतून पाहिला होता.

तो शोधायला आपल्या परंपरेतील नक्षत्रेच उपयोगी पडतात. धनू राशीतील ठळक तारे जोडले की चहाच्या किटलीचा आकार दिसतो. दक्षिणेकडे तोंड करून पाहिल्यास किटलीची चोच उजवीकडे आणि मूठ डावीकडे असते. मुठीकडचे दोन तारे म्हणजे आपले उत्तराषाढा नक्षत्र आणि चोचीकडचे दोन म्हणजे पूर्वाषाढा. उत्तराषाढातील खालचा तारा, झीटा, हा किटलीच्या तळाचा डावा कोपरा. पूर्वाषाढातील खालचा तारा, एप्सिलॉन, हा उजवा कोपरा. दुर्बीण झीटावर लावावी, सर्वांत कमी वर्धनाची नेत्रिका ठेवावी आणि तेथून उजवीकडे सुमारे तीन पूर्ण चंद्रांएवढे आणि खाली एका चंद्राएवढे सरकावे. धुक्याचा एक लहान, मधोमध एकवटलेला ठिपका दिसेल. तोच एम ५४. सहा इंची दुर्बिणीतून त्यात सुटे तारे दिसत नाहीत, आणि कितीही वर्धन वाढवले तरी दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे त्यांची निराशा होणार नाही.

येथे मी मुलांना नेहमी एक गोष्ट करून दाखवतो. एम ५४ पासून किटलीच्या तळाच्या रेषेने उजवीकडे गेल्यास आणखी दोन असेच ठिपके लागतात, आधी एम ७० आणि मग एप्सिलॉनजवळ एम ६९. तिन्ही दिसायला जवळपास सारखे, तेजही थोड्याफार फरकाने सारखेच. पण एम ७० आणि एम ६९ हे आकाशगंगेचे तारकागुच्छ असून ते ३०,००० प्रकाशवर्षांच्या आत आहेत, तर एम ५४ जवळपास तिप्पट दूर आहे. तिप्पट दूर असूनही तितकाच ठळक दिसतो, याचा अर्थ तो प्रत्यक्षात त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी असला पाहिजे. अंतर तिप्पट झाले तर तेज किती पटींनी कमी होते, हे नववीच्या मुलांनाच काढायला लावावे. उत्तर त्यांच्या वहीत येईल तेव्हाच त्या ठिपक्याचा मोठेपणा त्यांना समजेल. नंतर किटलीच्या झाकणाच्या वर डावीकडे असलेला एम २२ दाखवावा. तो सुमारे १०,००० प्रकाशवर्षांवर असल्याने त्यातले तारे रांगोळीच्या कणांसारखे सुटे दिसतात.

वेळेविषयी एक सूचना. ऐन पावसाळ्यात धनू रास रात्रभर आकाशात असते आणि आपल्याकडे नेमके तेव्हाच ढग असतात. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे, किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी सातच्या सुमारास ती दक्षिणेला चांगली दिसते. सोलापूरहून एम ५४ जास्तीत जास्त सुमारे ४० अंश उंचीवर येतो. मॅगेलन मेघांचे तसे नाही. मोठा मेघ सोलापूरहून क्षितिजावर जेमतेम दोन-तीन अंश येतो आणि धुळीत हरवतो. म्हणून आपल्यासारख्यांना आकाशगंगेच्या उपदीर्घिकांपैकी एखादीचा काही भाग लहान दुर्बिणीतून स्वच्छ पाहायचा असेल, तर एम ५४ हाच खरा मार्ग आहे.

माळावरची शाळा

आपणा दोघांचे मनापासून आभार. दिंडीचे उदाहरण मी कालच वर्गात वापरले आणि मुलांना ते एकदम समजले. तरीही त्याच मुलाने एक शंका काढली: सूर्यही त्या प्रवाहातून निसटलेला एक तारा असेल आणि आता आकाशगंगेत मिसळून गेला असेल, असे का म्हणता येणार नाही? पट्टा तिरका दिसतो त्याचे उत्तरही मला नीट देता आले नाही.

क्षितिजवेध

मुलाची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर पुन्हा चालीतच आहे. सूर्य आकाशगंगेच्या तबकडीत, जवळपास वर्तुळाकार कक्षेत, सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो आणि एक फेरी पूर्ण करायला त्याला साधारण २३ कोटी वर्षे लागतात. शेजारचे बहुतेक तारेही तसेच आणि त्याच दिशेने फिरतात. या तबकडीला लंब दिशेने सूर्याचा वेग सेकंदाला फक्त सात किलोमीटर आहे. धनू दीर्घिकेची कक्षा मात्र तबकडीला जवळजवळ काटकोनात आहे. त्याच लंब दिशेने तिचा वेग सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर आहे, आणि तिच्यातून निसटलेले तारेही तशाच कक्षांमध्ये राहतात. सूर्य त्यांच्यातला असता, तर तो तबकडी ओलांडून भलत्याच दिशेने चाललेला दिसला असता. इतका मोठा वेग गमावून शेजाऱ्यांच्या चालीत चाल मिळवायला ताऱ्याला कोणतेही साधन नसते. वायूचे ढग एकमेकांवर आदळून थांबू शकतात, तारे तसे थांबत नाहीत.

दुसरा पुरावा ताऱ्यांच्या घडणीतला आहे. धनू दीर्घिकेतील जे तारे लोहाच्या बाबतीत सूर्याच्या जवळपास येतात, त्यांच्यात मॅग्नेशियमसारख्या मूलद्रव्यांचे लोहाशी असलेले प्रमाण आकाशगंगेच्या तबकडीतील ताऱ्यांपेक्षा कमी आढळते. सूर्याची घडण तबकडीतल्या ताऱ्यांशी जुळते.

पट्ट्याच्या तिरकेपणाविषयी: ग्रहांच्या कक्षांचे प्रतल, म्हणजे आपले क्रांतिवृत्त, आकाशगंगेच्या प्रतलाशी सुमारे ६० अंशांचा कोन करते. हा कोन सूर्यमाला ज्या वायूच्या ढगातून घडली त्याच्या फिरण्यावरून ठरला. इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहमालाही अशाच वेगवेगळ्या दिशांना कललेल्या आहेत. उलट तो पट्टा आकाशाचे जवळपास दोन समान भाग करतो, ही गोष्ट आपण तबकडीच्या अगदी आत बसलो आहोत याची साक्ष देते. तापमानवाढीविषयी आपण सांगितलेच आहे; त्याला एवढीच जोड द्यावी की सूर्याचे तेज १९७८ पासून उपग्रहांवरून सतत मोजले जाते आणि त्यात ही वाढ समजावणारा कोणताही कल आढळलेला नाही.

मात्र या दीर्घिकेचा आणि आपला काहीच संबंध नाही, असेही मुलांना सांगू नये. तिच्यात ताऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक वस्तुमान कृष्णद्रव्याचे, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या आणि केवळ गुरुत्वाकर्षणावरून ओळखू येणाऱ्या द्रव्याचे, होते; ते नसते, तर इतक्या फेऱ्यांनंतर तिचा गाभा टिकलाच नसता. एवढी जड वस्तू तबकडीतून आरपार जाते तेव्हा तबकडीही हलते. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया या अवकाशयानाने एक अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजल्या. २०१८ मध्ये तेरेसा अंतोखा यांच्या गटाने त्यांतील सूर्याच्या परिसरातल्या ताऱ्यांची तबकडीपासूनची उंची आणि उभ्या दिशेतील वेग एकमेकांसमोर मांडले, तेव्हा गोगलगायीच्या शंखासारखी वळणावळणाची आकृती उमटली. ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी तबकडीला बसलेल्या एखाद्या धक्क्याची ती खूण आहे, आणि त्या धक्क्याचा पहिला संशय धनू दीर्घिकेवर आहे. तो एकट्या तिचा होता का, यावर अजून वाद चालू आहे. पुढे २०२० मध्ये गायाच्याच नोंदींवरून असे दिसले की आकाशगंगेत सुमारे ५.७, १.९ आणि १ अब्ज वर्षांपूर्वी तारे अधिक वेगाने जन्मले, आणि हे काळ या दीर्घिकेच्या जवळून जाण्याच्या अंदाजित काळांशी जुळतात. सूर्याचे वय ४.६ अब्ज वर्षे आहे. त्यामुळे तिच्या येण्याने ढवळलेल्या वायूतून जे तारे पुढे घडत गेले त्यांत सूर्यही असेल का, असा प्रश्न संशोधकांनी विचारला आहे. तो आज केवळ प्रश्न आहे, आणि वर्गातही तो प्रश्न म्हणूनच मांडावा.

माळावरची शाळा

दोन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, पावसाने उघडीप दिल्यावर, एकवीस मुले आणि सात-आठ पालक यांना घेऊन आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. उत्तराषाढाचा तारा मुलांनीच ओळखला. पहिली वीस मिनिटे मला एम ५४ सापडला नाही. दुर्बिणीत सगळे उलटे दिसते हे मी घाईत विसरले होते. सापडल्यावर प्रत्येक मुलाने रांगेत उभे राहून तो पाहिला. पुसून उरलेल्या खडूच्या ठिपक्यासारखा तो दिसत होता. संदेश आणणारा मुलगा नेत्रिकेपासून हटेना; त्याने तिन्ही ठिपके आळीपाळीने पाहिले आणि वहीत ‘नऊ पट’ असे लिहिले. त्याचे काकाही आले होते. त्यांनी ठिपका पाहिला, मुलाने सांगितलेला सगळा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि पुन्हा एकदा डोळा लावला.

घरी परतताना सातवीतल्या एका मुलीने विचारले की ती दीर्घिका इतकी फाटली आहे, तर तिच्यात आता नवीन तारे जन्मतात का. याचे उत्तर मला द्यायचे आहे.

आषाढा

नाही. तारे वायूपासून जन्मतात आणि या दीर्घिकेतला वायू आकाशगंगेने केव्हाच ओढून घेतला आहे. तरी त्या मुलीला एक गोष्ट जरूर सांगावी. तिने पाहिलेल्या एम ५४ च्या परिसरातील ताऱ्यांचे वर्णपट तपासले, तेव्हा तेथे एकाच वयाचे तारे आढळले नाहीत, तर तीन पिढ्या आढळल्या: सर्वांत जुनी सुमारे १२ अब्ज वर्षांची, मधली सुमारे ४ अब्ज वर्षांची आणि सर्वांत धाकटी सुमारे २ अब्ज वर्षांची. साध्या बंदिस्त तारकागुच्छात अशा पिढ्या सापडत नाहीत. दीर्घिका उसवत असतानाही तिच्या मध्यभागी वायू साठत राहिला आणि तारे जन्मत राहिले. पुढच्या काही कोटी वर्षांत ती पुन्हा एकदा आकाशगंगेचे प्रतल ओलांडेल, आणि तिचे बाहेरचे तारे असेच विखुरत जातील. दाट बांधणीमुळे एम ५४ मात्र सर्वांत शेवटपर्यंत टिकेल.